कोपीपासून मोजलेली जागा

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात आणि पुणे रस्त्यावरून ऊसतोड टोळ्यांचे ट्रक जायला लागतात. ट्रकात माणसं, माणसांच्या पायाशी शेळ्या, वर बांबू आणि ताडपत्र्या, मागच्या फळीला उलटी बांधलेली एखादी सायकल. सुप्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या गॅलरीतून हा रस्ता सरळ दिसतो. घर भाड्यानं घेताना एवढं सुचलं असतं तर मी मागच्या बाजूचं मागितलं असतं. कारण ट्रक दिसला की आई हातातलं काम टाकून उठते आणि तो दिसेनासा होईपर्यंत कठड्याला धरून उभी राहते. मग कुणी न विचारता सांगते, हे पाथर्डीकडचे, हे आपल्या शेवगावचे, यांच्यात लेकुरवाळ्या लई दिसतायत. तिचं ते शेवटचं वाक्य मला नको असतं, पण ते दर ट्रकाला येतं.

आम्हीही असेच जायचो. आईचा आणि वडिलांचा मिळून एक कोयता, आणि मी त्या कोयत्याबरोबरचं सामान. वडील गेल्यावर आईला मी इकडे घेऊन आले. कोयता तिनं गावीच कुणालातरी देऊन टाकला, पण हंगाम तिच्याबरोबर आलाच. हवा कोरडी झाली, सकाळी ओठ ताणायला लागले की तिच्या हालचाली बदलतात. भाकरी ती थोडी जाड थापते. पहाटे कुणी उठवल्यासारखी उठून बसते आणि आपल्याला कुठं जायचं नाही हे आठवलं की तशीच बसून राहते. मी पांघरुणातून बघत असते.

मी जिथं काम करते तिथं कारखान्यांतल्या मशिनांचे छोटे संगणक बनतात. पाकिटं भरणारं किंवा बाटल्यांना झाकणं लावणारं मशीन चालता चालता मान टाकतं, तेव्हा त्या घडीला त्याच्या मेमरीत जे जे होतं त्याची एक प्रत मागे राहते. ती प्रत माझ्या टेबलावर येते आणि शेवटच्या क्षणी नेमकं काय बिनसलं ते मी त्यातून हुडकायचं असतं. मेलेल्याच्या डोक्यात शेवटी काय चाललं होतं ते बघण्याचं काम, असं मी एकदा गमतीनं म्हणाले, तर आईनं मला असलं अभद्र बोलू नकोस म्हणून झापलं. पण काम तसंच आहे.

त्या हंगामात, म्हणजे गेल्या हंगामात, एक प्रत आली ती काही केल्या उलगडेना. मशीन चालवणारा जो मूळ प्रोग्राम असतो त्याला कर्नेल म्हणतात. आपण गाभा म्हणू. पूर्वी हा गाभा मेमरीत कायम एकाच पत्त्यावर असायचा. हल्ली मशीन दरवेळी चालू होताना तो मनाला येईल तिथं नेऊन बसवतं. आज इथं, उद्या भलतीकडे. हेतू चांगलाच आहे, आत शिरलेल्या चोराला कुठं काय ठेवलंय ते कळू नये. पण चोराला कळत नाही तसं मग मलाही कळत नाही. एरवी मशीन बंद पडताना सांगून जातं की या खेपेला मी अमुक जागी होते. हे मशीन काहीच न सांगता गेलं होतं.

अशा वेळी करायचं ते ठरलेलं असतं. गाभा हलतो तो सगळाच्या सगळा हलतो, त्याच्या आतली अंतरं बदलत नाहीत. त्या अंतरांचा नकाशा माझ्यापाशी असतो, फक्त तो नकाशा कुठून अंथरायचा ते ठाऊक नसतं. म्हणून त्या अफाट पसाऱ्यात नक्की गाभ्यातलीच म्हणता येईल अशी एक खूण धुंडायची. गाभ्यात एक ओळ असते, तिच्यात तो स्वतःचं नाव सांगतो. ती ओळ सापडली की नकाशावरची तिची जागा आणि खरी जागा यांच्यातला फरक काढायचा. तोच फरक मग आतल्या प्रत्येकाला लागू होतो. एक सापडलं की सगळं सापडलं.

एका रविवारी मेथी निवडता निवडता मी हे आईला सांगत होते. सांगत होते म्हणजे तिच्या निमित्तानं स्वतःशी बडबडत होते. तिला त्यातलं काही कळावं अशी माझी अपेक्षा नव्हती. ती काड्या मोडत राहिली आणि म्हणाली, आमची टोळी बसायची तशीच की ही.

मग मलाही ते दिसलं. आमची टोळी दर हंगामाला नव्या जागी उतरायची. कधी कुणाच्या पडीक रानात, कधी पाटाच्या कडेला, कधी कारखान्याच्या कुंपणाला लागून. पण कोप्या, म्हणजे ताडपत्रीच्या झोपड्या, घालायच्या त्या ठरलेल्या क्रमानं. रस्त्याच्या तोंडाला मुकादमाची, तिच्या शेजारी त्याच्या भावाची, मग गावातल्या आमच्या गल्लीत जशी घरं होती तशा एकेकाच्या. सगळ्यांची दारं वाऱ्याला पाठ करून. बैल समोर, चुली उजव्या अंगाला, वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे मागे. हा क्रम कुणी कुणाला शिकवला नव्हता, पण कुणी मोडतही नसे. त्यामुळे नव्या जागी पहिल्याच संध्याकाळी पोरं हुंदडायला लांब गेली तरी हरवत नसत. मुकादमाची कोपी दिसली की पुरे. त्याच्या दारात भगवा फडका लावलेला असे. तिथून आपलं घर कुठं ते पायांना ठाऊक होतं. मी कितीदा तरी अंधुकशा उजेडात, डोळे चुलीच्या धुरानं झोंबत असताना, बरोबर आमच्याच ताडपत्रीखाली शिरले आहे.

आत पाचटाचा, उसाच्या वाळक्या पाल्याचा, वास असायचा. गोडसर, जरा कुजका, अंगाला आणि केसांना चिकटून राहणारा. पहाटे आई-वडील ऊस तोडायला फडात निघायचे तेव्हा पाचट सळसळायचं आणि त्या आवाजानं मला जाग यायची. थंडी अशी की हंड्यातल्या पाण्याला हात लावला की बोटं आपली राहत नसत. संध्याकाळी दोघं परत यायची, तोंडं उसाच्या कुसळांनी ओरबाडलेली, आणि आई त्याच हातांनी पीठ मळायची. आज हे लिहिताना मला हे सगळं हवंहवंसं वाटतं आणि त्याचा रागही येतो.

मेथी निवडून झाली तरी आई उठली नाही. देठांचा ढीग उगाच इकडून तिकडे करत राहिली. मग म्हणाली, "सुमे, मग ती जागा सापडंल का गं तुला?"

कुठली जागा ते मी विचारलं नाही.

मला एक बहीण होती. कोपरगावच्या बाजूला एका हंगामात ती कोपीतच जन्मली आणि त्याच हंगामात गेली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे तिला नाव नाही. आई तिला बाय म्हणायची, पण बाय तर ती मलाही म्हणायची. मला तिची मूठ आठवते. माझं बोट धरलं की सोडायची नाही. वेखंडाचा वास आठवतो. बाळंतपणानंतर आईनं लवकरच कोयता हाती घेतला, कारण एकट्या माणसानं फड तुटत नाही. तिच्या अंगावर दूध राहिलं नाही. मग टोळीतल्या एका शेळीचं दूध मिळायचं, तेही थोडं. आई त्यात पाणी घालायची, वाटी हलवायची, कापसाच्या बोळ्यानं तिला पाजायची. मी बाजूला बसून बघायची. पाणी घातल्यावर वाटी भरलेली दिसायची आणि मला बरं वाटायचं.

ती गेली तेव्हा वडील आणि मुकादम तिला घेऊन गेले. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायचं ते बांधाला, म्हणजे नांगर लागत नाही. आईनं बरोबर जायचं नसतं, बायकांनी तिला धरून ठेवलं. दोघं कुठं जातात ते ती लांबून बघत राहिली. पुढच्या हंगामाला मुकादमानं दुसरा कारखाना धरला आणि त्या बाजूला आम्ही परत कधी गेलोच नाही. वडील असेपर्यंत आईनं त्यांना हे कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. आता वडील नाहीत, मुकादमही नाही.

आईच्या मनात मात्र ती जागा पक्की होती. तिनं मला त्या रविवारी सांगितली, जशी रोज कुणाला तरी सांगत असावी तशी. कोपीच्या मागं पाटाच्या पाण्याची चारी. चारीच्या पल्याड बाभळ. बाभळीच्या अंगानं बांध जातो, त्या बांधाला, उगवतीकडं तोंड करून. पावलं तिनं सांगितली नाहीत, तिची मापं वेगळी होती. चारी म्हणजे हाक मारली की ओ येईल एवढ्यावर, बाभळ म्हणजे डोक्यावर मोळी घेतली तर मान अवघडायच्या आत पोचता येईल तिथं. अंतरं सगळी होती. कुठून मोजायची तेवढंच नव्हतं. गावाचं नाव माहीत होतं, पण एका गावाचं शिवार केवढं असतं.

मी बघू म्हणाले. आपल्याकडे बघू म्हणजे बहुतेक वेळा नाही असतं, आणि तिनंही ते तसंच घेतलं असतं. पण पुढच्या शुक्रवारी माझ्या मशीनच्या गाभ्यातली ती ओळ सापडली, फरक निघाला, नकाशा चपखल बसला आणि मला जरा चढलंच. मला वाटलं, चारी आहे, म्हणजे चारीचं दार असणार, आणि पाटबंधाऱ्याचं दगडी दार कुणी उचलून नेत नाही. ती आपली ओळ. रविवारी जाऊ या, असं मी आईला सांगून टाकलं. शनिवारी तिनं डोक्यावरून अंघोळ केली. रविवारी सकाळी दूध तापवून, निववून, प्लास्टिकच्या बाटलीत भरलं. दुधाचं लेकरू होतं, दुसरं काय न्यायचं, एवढंच म्हणाली.

एसटीनं नगर, मग कोपरगावची गाडी. राहुरी मागं पडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला आणि आई खिडकीकडे वळून बसली. बाटली तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. पुढं एक ट्रॅक्टर जोडट्रॉल्या ओढत चालला होता, गाणं मोठ्यानं लावलेलं, आणि आमचा ड्रायव्हर त्याच्यामागे जीव मुठीत धरून रांगत होता. कारखान्याच्या मळीचा वास बसमध्ये शिरला तशी लोकांनी नाकाला रुमाल लावले. आईनं लावला नाही. उलट तिनं जरा श्वास ओढून घेतला असं मला वाटलं.

गावाच्या फाट्याला उतरून रिक्षा केली. आधी वाटलं, आपण उगाच आलो. डांबरी रस्ता रुंद झाला होता, जुनी झाडं गेली होती, जिथं तिथं द्राक्षं नाहीतर बंगले. रिक्षावाल्यानं आम्हाला पाटाच्या कडेकडेनं हिंडवलं. आई प्रत्येक मोकळ्या रानाकडे बघायची आणि मान हलवायची. शेवटी एका वळणावर ती थांब म्हणाली. रस्त्यापलीकडे कोप्या होत्या. आताच्या, निळ्या आणि पिवळ्या ताडपत्र्यांच्या, एका कोपीवर मोबाईल चार्ज करायला सोलरची पाटी ठेवलेली. त्यांच्या मागे चारी होती आणि चारीला दगडी दार, लोखंडी चाकाचं, गंजलेलं.

आईनं त्या चाकाला हात लावला. म्हणाली, हेच. ह्याच्यावर कपडे वाळत घालायची मी.

मला त्या क्षणी झालेला आनंद सांगायची लाज वाटत नाही. मी दाराकडे पाठ केली, रस्ता कुठं होता ते विचारलं, मुकादमाची कोपी कुठं असेल ते ताडलं, तिथून आमची. आमच्या कोपीच्या जागी आता दुसऱ्या कुणाची तरी कोपी होती. तिच्या दारात एक बाई भांडी घासत बसली होती. आमचं बोलणं ऐकून तिनं ओळखलं, म्हणाली, आमी बी तिकडचेच. पण तिला इथलं काय विचारणार? टोळी याच हंगामाला आली होती, बाभळ कुठं होती ते तिला सांगता येणार नव्हतं. तिनं आईला बसायला पोतं दिलं आणि तिच्या हातातल्या बाटलीकडे एकदा बघून परत भांड्यांना लागली.

आई बसली नाही. कोपीच्या मागं गेली, चारी ओलांडली, पलीकडच्या रानात उभी राहिली. बाभळ नसणार हे आम्ही धरूनच आलो होतो. पण बांध असायला हवा होता आणि इथं बांधही नव्हता. जुनाट, सपाट, पांढरट पडीक रान होतं, कधी कुणी कसलेलं दिसत नव्हतं. मी म्हणाले, सपाट केला असेल. तिनं कोपीकडे पाहिलं, रानाकडे पाहिलं, पुन्हा कोपीकडे. नंतर अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी कोपीत नव्हतेच त्या दिवशी."

मला आधी कळलं नाही.

"फडात हुते. तिथंच गाडीखाली झोळी बांधली हुती तिची. तिथंच गेली ती, दुपारची. तिथनंच घिऊन गेले तिला. चारी, बाभळ, समदं फडाच्या तोंडापासनं हाय, कोपीपासनं न्हाई."

फडाचं तोंड म्हणजे ऊस तोडत तोडत जिथवर आलो ती रेघ. ती रोज पुढं सरकते. आज या रानात, चार दिवसांनी दुसऱ्याच शेतकऱ्याच्या. सकाळी असते तिथं संध्याकाळी नसते. कोपी हंगामभर एका जागी राहते म्हणून आपण सगळं तिच्यापासून मोजतो; घर ना ते. आईनंही इतकी वर्षं तसंच मोजलं. मीही त्या दिवशी कोपीपाशीच होते, माझीही आठवण तिथूनच सुरू होते. पण त्या टोळीचा दिवस कोपीत जातच नव्हता. तो फडात जायचा, आणि फड वेगळा हलायचा.

सोमवारी ऑफिसात माझ्या मशीनचं तेच निघालं. गाभा सापडला होता, तरी बाकीची मेमरी वाचताना सगळं अगम्य दिसत होतं. कारण काम चालू असताना जे भरत-रिकामं होतं तो भाग गाभ्याबरोबर हलतच नाही. त्याला मशीन निराळंच हलवतं, निराळ्या मापानं. हे मला ठाऊक होतं. पहिली जागा सापडल्याच्या भरात ठाऊक असलेलं विसरायला होतं. पण मशीनचं एक बरं असतं. त्या दुसऱ्या भागाची जागा गाभ्याच्या आतच एका ठिकाणी लिहिलेली असते. मी ती वाचली, आणि दुपारच्या चहाच्या आत मशीन का मेलं ते कळलं. सगळ्यांनी शाबासकी दिली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आमची ती दुसरी जागा वडिलांच्या आत होती आणि त्यांना आम्ही चार वर्षांपूर्वी अमरधामात नेऊन ठेवलं.

पण ते सोमवारचं. रविवारी त्या सपाट रानात आम्ही दोघी उभ्या होतो आणि ऊन चढत होतं. मी आईला उलटसुलट विचारलं. तो फड कुणाचा होता? ठाऊक नाही, शेतकऱ्याशी बोलायचं काम मुकादमाचं. कुठल्या दिशेला होता? गाडीवान नेईल तिकडं. वडील परत कधी आले? गाडी भरून व्हायच्या आत आले, एवढं तिला नक्की आठवत होतं. उरलेला ऊस कोण तोडत होतं, असं माझ्या तोंडून निघून गेलं. ती म्हणाली, मीच. गाडी अर्धी ऱ्हायली हुती.

मला तिला घरी घेऊन जायचं होतं आणि तिला तिथून हलवायची माझी छाती नव्हती. इथं मला येणारी कुठलीच गोष्ट उपयोगाची नव्हती. चोहीकडे ऊस उभा होता, तुऱ्यावर आलेला, आणि लांब कुठंतरी टोळी तोडत होती त्याचा कचकच आवाज येत होता. चारीच्या वरच्या अंगाला मात्र एक बांध दिसत होता, जुना, गवतानं भरलेला, दोन रानांच्या मधून सरळ उगवतीकडे गेलेला. तो तोच असेल असं म्हणायला काही आधार नव्हता. तसे बांध त्या शिवारात शेकड्यांनी असतील.

आई त्याच्यावर चढली. मी हाताला धरायला गेले तर तिनं हात सोडवून घेतला. पायातल्या चपला काढून बांधाच्या तोंडाशी नीट जोडीनं ठेवल्या. बाटलीचं झाकण उघडलं आणि वाकून धार धरली, बारीक, सुतासारखी. ती धार न तोडता ती चालायला लागली. मी मागून चालत होते. दूध गवतावर पडायचं, क्षणभर पांढरं दिसायचं आणि मातीत जायचं. दोन्ही बाजूंच्या उसाची पाती तिच्या दंडांना लागत होती.

बांध सरळ पुढं गेलेला होता, शेवट दिसत नव्हता. बाटली हलकी होत आली तशी तिनं धार आणखी बारीक केली, मग थेंब थेंब केले. मग थांबली. बाटली उन्हाकडे धरून पाहिली. तळाशी बोटभर उरलं होतं. मला वाटलं, आता ती बसेल, रडेल, मग आम्ही परत फिरू.

तिनं बाटली माझ्याकडे दिली.

"चारीचं पानी घाल त्यात," ती म्हणाली. "पातळ झालं तर होऊ दे. पुरलं पायजे."

मी बांधावरून मागं फिरून चारीत उतरले. पाणी गार होतं. बाटली भरली, झाकण लावून हलवली, आणि परत बांधावर येऊन तिच्या हातात दिली.